आव की हाव

नांदेड
बुधवार, १९ मार्च २०२५

प्रिय खाजा,

सलाम. सव्वादोन महिन्यांनी लिहितोय, माफ कर. आधी ‘कामात होतो’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. ग्रंथालयात मार्चची मोजदाद चालू आहे, अठरा हजार पुस्तकं एकेक करून हातात घ्यावी लागतात, हे खरं आहे. पण त्यामुळं पत्र राहिलं, हे खरं नाही. पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली म्हणून कागद बदलणार होतो. मग म्हटलं, असू दे.

रोजे चालू असतील. यंदा ऊन लवकर तापलंय, अम्मींना जपायला सांग. त्यांच्या गुडघ्यांना एवढे रोजे झेपतात का? मनतशाची परीक्षा दीड महिन्यावर आली, अभ्यास जोरात असेल. इकडं अंबिका बरी आहे. आमच्या घराला रंग दिला, आणि तो तिला आवडला नाही. बाकी सगळं ठीक.

फोन का केला नाही, तेही सांगतो. जानेवारीच्या शेवटी केला होता, तुला आठवत असेल. मी विचारलं, ‘‘खांदा बरा आहे का?’’ तू म्हणालास, ‘‘हाव.’’ एवढा साधा शब्द, पण पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मग तू ‘‘दुकान में गिऱ्हाईक आया’’ म्हणून फोन ठेवलास. मागं शिलाई मशीन चालू असल्याचा आवाज नव्हता. तो खांदा सुटल्यापासून तुला सीटवर रेक्झिन ताणता येत नाही, हे मला नंतर कळलं.

येत्या रविवारी लातूरला अमरेशच्या घरी बैठक आहे. तुला निरोप आला नसेल. आला नाही हे मला माहीतच आहे, कारण कोणाला बोलवायचं ती यादी मी पाहिली. ऑक्टोबरमध्ये धरण भरल्यावर नावांतून पाणवाटेची दुसरी फेरी काढायची, तिची नियमावली आणि नावं ठरणार आहेत. आप्पासाहेबांनी मसुदा केलाय. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूस, त्यामुळं मसुद्याला कलमं आहेत. सातवं कलम तुझ्याबद्दल आहे. तुला पुढच्या कोणत्याही फेरीत घेऊ नये, कारणं दोन. एक, धोक्यात असताना ‘हाव’ असा चुकीचा इशारा दिला. दोन, शिट्टी जवळ असून वाजवली नाही. आधार : नोंदवही, पान अकरा.

पान अकरावरचं अक्षर माझं आहे.

रविवारी सगळ्यांनी सह्या केल्या की हे तुझ्या नावावर कायमचं चिकटणार. माझ्याकडं चारच दिवस आहेत, आणि खाजा, मला खरंच कळत नाही की मला काय माहीत आहे.

म्हणून क्रमानं लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे. पण क्रमानं लिहिल्याशिवाय मला काही उमगत नाही, हेही तुला ठाऊक आहे.

जानेवारीतल्या त्या शनिवारी बोरहाळीच्या धरणावर टेंपोतून पाच पिवळ्या कायाक उतरल्या तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. एक म्हातारे म्हणाले, ‘‘अर्धापूरहून केळी आणली का काय?’’ समुद्रात चालवायच्या त्या लांबलचक, निमुळत्या नावा, अमरेशनं कोकणातून भाड्यानं आणलेल्या. कोणीतरी विचारलं, ‘‘ह्याच्यात बसायचं का झोपायचं?’’ तू म्हणालास, ‘‘बैठके जाने का चाचा, सोके आने का.’’ सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो.

पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेभोवती बसवायचे पडदे तू स्कूटरच्या कव्हरच्या कापडातून शिवले होतेस. त्याला घागरा म्हणायचास. आप्पासाहेब घागरा म्हणायला तयार नव्हते, तर तू म्हणालास, ‘‘तो साहब, आप परकर बोलो.’’ आणि माझ्यासाठी वेगळी एक छोटी पिशवी शिवलीस, गळ्यातल्या इष्टलिंगाला पाणी लागू नये म्हणून. मी ते अंगावरून काढत नाही, हे तू कॉलेजपासून बघत आलास. माप घेताना हातसुद्धा लावला नाहीस. नुसतं बघून म्हणालास, ‘‘पौने दो इंच.’’ शिलाईवर मेण फिरवलं होतंस. दोन दिवसांत आत थेंब गेला नाही. ती पिशवी अजून गळ्यात आहे, काढायचं धाडस होत नाही.

धरणाच्या काठाकाठानं दोन दिवस, पाच थांबे. अमरेश सगळ्यात पुढं, त्याच्यामागं दामिनी, मग आप्पासाहेब, मी, आणि शेपटाला तू. कारण तुझे हात सगळ्यात दणकट. नियम एकच होता, आणि तो अमरेशचा होता. प्रत्येक वळणावर आपल्या मागच्याला विचारायचं, उत्तर घ्यायचं, मगच वळायचं. वळल्यावर मागचा दिसत नाही म्हणून. तू त्याची चेष्टा केलीस, ‘‘सर, शाळेची सहल हाय का?’’ तेव्हा तो हसला नाही. त्याच रात्री भाकरी खाताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, ‘‘मी किल्लारीचा. नऊ वर्षांचा होतो त्या साली. तवापासून माणसं मोजल्याबिगर मला झोप येत न्हाई.’’ त्यानंतर तू चेष्टा केली नाहीस.

आता रविवार, बारा जानेवारी. इथून पुढचं थेट लिहवत नाही. म्हणून आधी वहीत काय आहे ते उतरवतो, ते मला पाठ आहे :

‘दु. ३.१०. निवडुंगाच्या टोकाला वळण्यापूर्वी मागील सदस्य खाजा यास ठीक आहे का, असे विचारले. हाव असे उत्तर आले. पुढे निघालो.’

मी मधल्या वाक्यावर दोन महिने घालवले. तू काय म्हणालास? ‘हाव’ म्हणालास, की ‘आव’ म्हणालास? ‘हो’, की ‘ये’? उगवतीकडून वारा होता, तू शंभर-दीडशे हातांवर होतास. वाऱ्यात ‘ह’ उडून जातो. मी घरी प्रयोगसुद्धा केला. अंबिकाला गच्चीच्या त्या टोकाला उभं केलं, पंखा लावला आणि तिला दोन्ही शब्द आळीपाळीनं ओरडायला लावले. शेजारच्या बाई बाहेर आल्या. अंबिका म्हणाली, ‘‘एकच पान घेऊन दोन महिने बसून राहिलात. आता कॉलनीला पण वाचून दाखवा.’’

प्रयोगातून काहीच निघालं नाही. दहापैकी सहा वेळा ओळखता आलं. पण मला तर आधीच माहीत होतं ना, की ती यातलाच एक शब्द ओरडणार आहे.

आणि हे सगळं मला व्हावं! उदगीरच्या होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात काय झालं होतं? रविवार होता, मेसमध्ये पुरणपोळी होती. तू दारातून ओरडलास, ‘‘आव!’’ मी पुस्तकातून डोकं न काढता म्हटलं, ‘‘हाव,’’ आणि तसाच पडून राहिलो. मला वाटलं तू काहीतरी विचारतोयस. तू माझ्या वाट्याच्या दोन पोळ्या खाऊन आलास, तोंड पुसत म्हणालास, ‘‘आव बोल्या तो आने का, हाव बोल्या तो बैठने का. इत्ता भी नै समजता क्या रे?’’ नंतर तीन वर्षं सगळं होस्टेल मला ‘हाव बोल्या’ म्हणत होतं. या दोन शब्दांतला फरक अख्ख्या मराठवाड्यात कोणाला कळायला हवा होता, तर तो मला.

आता ग्रंथालय उघडायची वेळ झाली. उरलेलं उद्या लिहितो.

गुरुवार, २० मार्च

काल लिहिलेलं आज सकाळी वाचलं. वाचताना वाटलं, हा माणूस फार प्रामाणिक दिसतो. ते वाटलं आणि कागद पालथा ठेवला. मी पंखा लावला, गच्चीवर प्रयोग केला, शब्दकोश काढला (हो, तोही काढला. पुस्तकी मराठीत ‘हाव’ म्हणजे लोभ आणि ‘आव’ म्हणजे खोटा अभिनय. दोन्ही अर्थ वाचून कोश पुन्हा फडताळात ठेवला). एवढा खटाटोप मी त्या मधल्या वाक्यावरच का करत होतो?

एक गोष्ट काल सांगितली नाही. फेब्रुवारीत मी बोरहाळीला एकटा जाऊन आलो. अण्णारावांना भेटायला. आपण त्यांना त्या दिवशी नीट धन्यवादही दिले नव्हते, तुला पाण्यातून काढून आणलं त्यांनी आणि सहलीच्या फोटोंत आलो आपणच. ते काठावर जाळं सांधत बसले होते, शेजारी तोच थर्माकोलचा तराफा. मी म्हटलं, ‘‘अण्णाराव, त्या दिवशी तुम्हाला नक्की काय शब्द ऐकू आला?’’

‘‘शब्द?’’

‘‘म्हणजे तो काय ओरडत होता? आव की हाव?’’

त्यांनी जाळं मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, ‘‘सर, म्या काय शब्द न्हाई ऐकला. माणूस वरडला. पाण्यावर माणूस वरडला की जायाचं आस्तंय. आर्थ काठावर आल्यावर काढायचा.’’ आणि मग, ‘‘तुम्ही तर माझ्यापेक्षा जवळ व्हता की.’’

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, ‘‘वारा होता.’’ ते म्हणाले, ‘‘हां, वारं व्हतं,’’ आणि पुन्हा जाळ्याकडं वळले. वारं त्यांच्या बाजूलाही होतं, आणि ते माझ्या तिप्पट लांब होते. परत येताना लोह्यापर्यंत मी हाच हिशेब करत होतो की आवाज पाण्यावरून सगळीकडं सारखा जातो का.

म्हणजे बघ, अण्णारावांनी सांगूनसुद्धा मी शब्दावरच अडलो.

मला तिथून उठवलं ते मनतशानं. ती तुला सांगणार नाही म्हणाली होती, पण मी सांगतो. तिला रागावू नकोस. या सोमवारी दुपारी तिचा फोन आला. दामिनीकडून तिनं पान अकराचा फोटो मागवून घेतला होता. आधी नीट सलाम केला, चाचींची तब्येत विचारली. मग म्हणाली, ‘‘चाचा, तुमने लिखे सो कागज पढी मैं. एक बात समझ में नै आई.’’

मी म्हटलं, ‘‘बोल बेटा.’’

‘‘अब्बा हाव बोले.’’

‘‘वारा होता, बेटा. कदाचित आव...’’

‘‘नै नै, हावच पकडो. अब्बा भी बोलते, संगम लिखा तो वैसाइच होंगा. मैं दुसरा पूछ रई. हाव बोले तो कायको बोले? तुमने क्या पूछे थे? बराबर कौनसे लफ्जां में?’’

लातूरला राहून परीक्षेची तयारी करणारी पोर आहे. प्रश्न नीट वाचायची सवय आहे तिला.

मी तोंड उघडलं. ‘‘मी विचारलं...’’ आणि पुढं काहीच आलं नाही. कोणते शब्द? ‘ठीक हायस का?’ ‘सब ठीक?’ ‘खाजा, येऊन राहिलास का?’ मी आठवायला गेलो आणि तिथं काहीच नव्हतं. विसरलेली गोष्ट आठवताना निदान तिची जागा तरी सापडते. इथं जागाच नव्हती. तिनं एकदा ‘‘चाचा?’’ अशी हाक मारली. मग म्हणाली, ‘‘अच्छा चाचा. रखती मैं,’’ आणि फोन ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी विचारलंच नव्हतं, खाजा.

‘हाव’ हे उत्तर आहे. प्रश्नच झाला नाही, तर उत्तर कुठलं? तू पाण्यात उलटलेला, उजवा खांदा निखळलेला, एका हातानं बुडालेल्या बाभळीचा शेंडा धरून. मी काही विचारलेलं नसताना तू ‘हो’ कशाला म्हणशील? एवढं शाळेतल्या पोरालाही समजेल. मी ते दोन महिने स्वतःला समजू दिलं नाही. ‘आव की हाव’ हा प्रश्न मी घट्ट धरून ठेवला, कारण त्याला दोन उत्तरं होती आणि त्यातलं एक मला सोडवत होतं.

आता त्या दुपारचं सांगतो. जमेल तेवढं, कारण आतलं सगळं अजून गढूळ आहे.

सकाळपासून तू मला चार वेळा बोलावलं होतंस. ‘‘संगम, आव रे, देख, पाणकावळा पंख सुखा रहा.’’ पुन्हा, ‘‘आव, आव, कासव!’’ चारही वेळा मी नाव वळवून आलो. ती लांबडी नाव वळवायला बारा वल्ही मारावी लागतात, परत वळवायला बारा. दुपारी माझे दंड भरून आले होते. आप्पासाहेब पुढं गेले होते, पासष्टीचा माणूस, आणि मी त्यांच्या मागं पडलो होतो, याचीही लाज वाटत होती. पाण्यात घुसलेलं ते निवडुंगाचं टोक आलं. मागून तुझा आवाज आला. मला वाटलं... इथं मी अडकतो. त्या वेळी मला ‘पुन्हा पक्षी असेल’ असं वाटलं, की ते मी नंतर बसून तयार केलं? मला खरंच सांगता येत नाही. काही वाटलंच नसेल, असंही होऊ शकतं. आवाज आला, मी वल्हं मारलं, वळलो. नाव वळवायला बारा वल्ही लागतात, पण मान वळवायला एकही लागत नाही. मी मान वळवली नाही. एवढंच मला पक्कं माहीत आहे.

टोकापलीकडं चौथ्या थांब्यावर अमरेश गुडघाभर पाण्यात उभा राहून मोजत होता. मी दिसताच ओरडला, ‘‘मागचा?’’

मी म्हटलं, ‘‘आहे. येऊन राहिलाय.’’

त्यानं बोट मिटलं. पाच झाले. नऊ वर्षांचा असल्यापासून माणसं मोजणाऱ्या माणसाच्या मोजणीत मी खोटा आकडा घातला. तो निवांत बसला, आम्ही चहा केला, पंचवीस मिनिटं गेली. मग दामिनी म्हणाली, ‘‘खाजाभाईंना फार वेळ लागून राहिला,’’ तेव्हा अमरेशचा चेहरा मी पाहिला. तो तसाच धावत पाण्यात गेला. आम्ही टोक ओलांडलं तोवर अण्णाराव तुला तराफ्यावर ओढून काठाकडं आणत होते. अमरेशनं काठावर बसून कितीतरी वेळ डोकं गुडघ्यांत घातलं होतं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, ‘‘विचारलं होतं ना तुम्ही?’’

मी म्हटलं, ‘‘हाव.’’

खाजा, त्या दिवशीचा खराखुरा ‘हाव’ तो. माझ्या तोंडचा. तुला दवाखान्यात नेल्यावर मी गाडीत बसून वही लिहिली, तेव्हा तो उचलून तुझ्या तोंडी घातला. लिहिताना हात थरथरला असेल म्हणून अक्षर तपासलं. नाही. वळणदार आहे.

आता शिट्टी.

आप्पासाहेबांचं दुसरं कारण, शिट्टी जवळ असून वाजवली नाही. माझ्या शिट्टीची दोरी पहिल्याच सकाळी तुटली होती, शिट्टी पाण्यात गेली. कोणाच्या लक्षात यायच्या आत तू स्वतःची काढून माझ्या गळ्यात घातलीस. म्हणालास, ‘‘रख रे. मेरा आवाज बडा है.’’ म्हणजे त्या दुपारी माझ्या गळ्यात तुझ्या दोन वस्तू होत्या, तू शिवलेली पिशवी आणि तुझी शिट्टी. तुझ्याजवळ फक्त आवाज होता.

शिट्टी ग्रंथालयातल्या माझ्या खणात आहे. कार्डांच्या खाली. रोज दिसते.

तू हे कोणाला का सांगितलं नाहीस? शिट्टीचं एक वाक्य पुरलं असतं. मी उलटसुलट विचार केला. माझी लाज राखलीस? की एवढी चीड आली की बोलायचीही इच्छा उरली नाही? ‘संगम लिखा ना, तो वैसाइच होंगा’, हे तू विश्वासानं म्हणालास की टोचून? मनतशानं सांगितलं तेव्हा तिच्या तोंडून तुझा सूर कळला नाही. तुझ्याच शब्दांचं असं होतंय मला, कुठलाच शब्द नीट ऐकू येत नाही. की तुलाच आता वाटायला लागलंय, मी ‘हाव’ म्हणालो असेन? हे सगळ्यात वाईट. तुझ्या स्वतःच्या आठवणीवर माझं वळणदार अक्षर चढलं असेल, तर ते मी कशानं पुसणार? म्हणून स्पष्ट लिहून देतो : तू ‘हाव’ म्हणाला नाहीस. तू बोलावत होतास. तू शिट्टी वाजवली नाहीस, कारण शिट्टी माझ्याकडं होती.

अंबिकाला काल सांगितलं. ती गव्हाचे खडे निवडत होती. ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत. म्हणाली, ‘‘हे मला कशाला सांगून राहिलात? मी होते का तिथं?’’

या सगळ्यानंतर मी कसा माणूस आहे, हा प्रश्न राहतोच. वीस वर्षं रोजनिशी लिहितोय. खोटं एक वाक्य लिहिलं नाही, असा मला माझ्याबद्दल अभिमान होता. आता जुन्या वह्या उघडायची भीती वाटते. कुठं कुठं मी न विचारता ‘विचारले’ असं लिहिलं असेल? पण तो माझा प्रश्न आहे, तुझ्या खांद्यावर तो टाकायचा नाही. तो खांदा आधीच दुखतोय.

माफीही या पत्रात मागत नाही. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू मोठ्या मनाचा आहेस, देऊन टाकशील. मला तसं सुटायचं नाही. रविवारी बैठकीत बोलेन की नाही याचाही भरवसा मला नाही. चार माणसांसमोर माझी जीभ कशी वळते ते आता कळलंय. म्हणून रविवारपर्यंत थांबायचं नाही. जे लिहून बिघडवलं ते आधी लिहूनच दुरुस्त करायचं. अमरेशला तोंडावर सांगावं लागेल की त्याची मोजणी चुकली नव्हती, त्याला आकडा खोटा दिला गेला. मला वाटतं, हे त्याला तुझ्याइतकंच ऐकायला हवंय. तो दोन महिने झोपला आहे की नाही, कुणास ठाऊक.

एक गोष्ट मात्र तुला विचारायची राहिली आहे. नियमाप्रमाणं ती निवडुंगाच्या टोकाला, तीन वाजून दहा मिनिटांनी विचारायची होती. वारा आता नाही, आपल्यात नव्वद मैलांचा रस्ता आहे, आणि तुला हे वाचायला अजून दोन दिवस लागतील. तरी विचारतो.

खाजा, ठीक आहेस का?

या वेळी खरंच विचारलंय. मान मागं वळवून. तुझं उत्तर आल्याशिवाय वळणार नाही. हाव म्हण, आव म्हण, किंवा काही म्हणू नकोस. मी टोकाच्या अलीकडंच थांबलोय.

तुझ्या पुढच्या नावेतला,
संगम

उद्या : पहिल्या बसनं लातूर. अमरेशसमोर पान अकरावरचा ‘विचारले’ हा शब्द खोडून बाजूला सही करणे.